खिडकीतली रोपं गच्चीवर नेताना

टोमॅटो-मिरचीची रोपं घरात खिडकीशी छान वाढतात, पण एकदम गच्चीतल्या उन्हात नेली की दोन दिवसांत पानं पांढुरकी पडतात आणि रोप मान टाकतं.

उपाय सोपा आहे. रोपाला 4-6 खरी पानं (बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की लावणीआधी आठवडाभर त्याला बाहेरची सवय लावायची.

1. पहिले दोन दिवस ट्रे बाहेर, पण सावलीत आणि वाऱ्याच्या आडोशाला. तास-दोन तास पुरे. मग परत आत.

2. तिसऱ्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन. रोज तासभर वाढवत जा. दुपारचं ऊन शेवटच्या एक-दोन दिवसांतच.

3. या काळात पाणी थोडं कमी. वरची माती कोरडी दिसली की द्या, पण पानं लोंबेपर्यंत थांबू नका. खत अजिबात नको, त्याने रोपं आणखी लुसलुशीत होतात.

4. शेवटी एक रात्र बाहेरच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर लावा. टोमॅटोचं रोप लांबुडकं झालं असेल तर खालची पानं खुडून खोडाचा तेवढा भाग मातीत गाडा, त्याला मुळं फुटतात. मिरचीला मात्र हा प्रयोग नको, ती ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर बरी.

काकडी, दोडका, भोपळा यांची मुळं दुखावलेली चालत नाहीत. ती कागदी कपात पेरा आणि लावताना कपाचा तळ फाडा. आणि हो, वळवाच्या पावसाचं चिन्ह दिसलं की ट्रे आधी आत!