आई-बाबा अमेरिकेला येताहेत: त्यांचा वैद्यकीय विमा कसा निवडावा

शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर किमान ३०,००० युरोचा विमा दाखवावाच लागतो, त्यामुळे युरोपला जाणारे तो घेतातच. अमेरिकेच्या बी-२, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसाला अशी अट नाही. म्हणून मग विम्याचं काम बॅगा भरून होईपर्यंत मागे पडतं आणि शेवटी जी पॉलिसी स्वस्त दिसेल ती घेतली जाते. नोकरीतून मिळणाऱ्या तुमच्या विम्यात आई-बाबांना सहसा घालता येत नाही. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा विमा, पाहुण्यांसाठी नाही. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलांना १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण उपचार फुकट होत नाहीत. बिल मागाहून येतंच. तेव्हा तिकीट काढलं की त्याच आठवड्यात पुढची कामं सुरू करा.

पायरी १: आजारांची खरी यादी

आई आणि बाबा दोघांची वेगवेगळी यादी करा: बीपी, शुगर, थायरॉईड, अँजिओप्लास्टी, जुनी ऑपरेशनं, सगळं. "थोडीशी शुगर आहे, गोळी चालू आहे" हाही विम्याच्या भाषेत आधीपासूनचा आजार असतो. बऱ्याच पॉलिसींची व्याख्या त्याहूनही रुंद असते: निदान झालेलं नसलं तरी आजार शरीरात आधीपासून होता असं डॉक्टरांच्या कागदांवरून दिसलं, तरी तो जुनाच धरला जातो. कंपनी सहसा पॉलिसी विकताना तपासणी करत नाही. ती क्लेम आल्यावर जुने कागद मागवते, म्हणून लपवून काही साधत नाही.

पायरी २: पॉलिसीचा प्रकार ओळखा

सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. एका प्रकारात प्रत्येक सेवेसाठी ठरावीक रक्कम मिळते: खोलीचे दिवसाला इतके, स्कॅनचे इतके. याला फिक्स्ड पॉलिसी म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रकारात सुरुवातीची ठरलेली रक्कम तुम्ही भरता, तिला डिडक्टिबल म्हणतात. त्यापुढच्या खर्चाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते.

समजा, ३ दिवस हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं आणि बिल आलं ४०,००० डॉलर. फिक्स्ड पॉलिसीच्या तक्त्यात खोलीचे दिवसाला १,५०० प्रमाणे ४,५००, इमर्जन्सी रूमचे ३५०, स्कॅनचे ५०० आणि डॉक्टरांच्या भेटींचे २२५ असतील, तर मिळाले ५,५७५. उरलेले ३४,४२५ तुमचे. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत डिडक्टिबल २५० असेल आणि पुढच्या ५,००० पर्यंत ८० टक्के, त्यानंतर १०० टक्के असा हिशेब असेल, तर तुमचे जातात १,२५०. दोन्ही पॉलिसींच्या पहिल्या पानावर मात्र "१,००,००० डॉलर" हाच आकडा छापलेला असू शकतो.

तेव्हा ब्रोशरमध्ये सेवावार रकमांचा लांबलचक तक्ता दिसला की ती फिक्स्ड आहे असं समजा. साठीच्या पुढच्या माणसासाठी, परवडत असेल तर, आम्ही कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या असं सांगू.

भारतीय कंपन्यांची ट्रॅव्हल पॉलिसी रुपयांत मिळते आणि बहुधा स्वस्त पडते, पण ती साधारणपणे निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. ज्येष्ठांच्या योजनांमध्ये ऑपरेशन, आयसीयू, डॉक्टरांची फी यांवर उपमर्यादा, म्हणजे त्या-त्या खर्चाची वेगळी कमाल रक्कम, असतात का, ते आवर्जून पाहा. उपमर्यादा असतील, तर ती पॉलिसी प्रत्यक्षात फिक्स्डसारखीच वागते. अमेरिकन कंपन्यांची पॉलिसी पोहोचल्यावरही घेता येते, पण आजार सुरू झाल्यावर घेतली तर तो आजार बाहेर राहतो.

पायरी ३: जुन्या आजाराचं कलम पूर्ण वाचा

चांगल्या पॉलिसीतही जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार नसतात. असतो तो "अक्यूट ऑन्सेट", म्हणजे जुन्या आजारातून अचानक उद्भवलेला तीव्र त्रास. त्याच्या अटी कडक असतात. त्रास पूर्वसूचना न देता आलेला हवा, तातडीच्या उपचारांची गरज हवी आणि साधारण २४ तासांत उपचार घेतलेले हवेत. हळूहळू बळावत गेलेलं दुखणं त्यात बसत नाही.

बीपी आटोक्यात असलेल्या बाबांना पहाटे अर्धांगाचा झटका आला आणि लगेच हॉस्पिटल गाठलं, तर हे कलम लागू होऊ शकतं. आईची किडनी महिनाभरात खालावत जाऊन डायलिसिस लागलं, तर नाही. छातीत दुखतंय हे मुलांना त्रास नको म्हणून ३ दिवस सांगितलंच नाही, तर क्लेम अडकण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे वडीलधारी माणसं हे हमखास करतात, म्हणून त्यांना निघण्याआधीच बजावून ठेवा.

काही पॉलिसींत त्रासाच्या आधीच्या ठरावीक दिवसांत औषध बदललेलं चालत नाही. म्हणून डॉक्टरांची भेट निघण्याच्या आदल्या आठवड्यात न ठेवता २-३ महिने आधी घ्या. हे कलम वयाप्रमाणे बदलतं: कुठे ७० व्या, कुठे ८० व्या वर्षी ते संपतं.

पायरी ४: रक्कम, डिडक्टिबल, दिवस

कमाल रक्कम १,००,००० डॉलरच्या खाली ठेवू नका. सत्तरीनंतर पर्याय कमी होतात आणि ऐंशीनंतर काही पॉलिसींत ही मर्यादा थेट १०,००० वर येते. दोघांची पॉलिसी एकच असायला हवी असं नाही. ७१ चे बाबा आणि ६६ ची आई यांच्यासाठी वेगळ्या योजना सरस ठरू शकतात.

डिडक्टिबल पूर्ण मुदतीत एकदाच आहे की प्रत्येक आजाराला, हे तपासा. २५० ते ५०० चा एकदाचा डिडक्टिबल बऱ्याच घरांना झेपतो.

मुदत विमान सुटण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत ठेवा. मुक्काम लांबणार असेल तर जुनी पॉलिसी संपण्याआधी तीच वाढवा. संपल्यावर नवी घेतली, तर पहिल्या पॉलिसीच्या काळात झालेला आजार नवीत जुना ठरतो.

दात, चष्मा, नेहमीची तपासणी आणि रोजच्या गोळ्या यांची अपेक्षा ठेवू नका. गोळ्या मुक्कामाला पुरतील इतक्या, प्रिस्क्रिप्शनसह आणा. त्यावर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या: टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. अमेरिकेतल्या डॉक्टरांना आपली ब्रँडनावं सहसा ओळखू येत नाहीत.

पायरी ५: आजारी पडल्यावर

विम्याच्या कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा. नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, अर्जंट केअर (तातडीच्या पण किरकोळ दुखण्यांचा दवाखाना) आणि हॉस्पिटल कुठलं, हे आई-बाबा पोहोचण्याआधीच शोधून ठेवा. ताप, जुलाब, मुरगळलेला पाय यांसाठी अर्जंट केअर पुरतं. इमर्जन्सी रूममध्ये जाऊन ॲडमिट व्हावं लागलं नाही, तर काही पॉलिसी जादा डिडक्टिबल लावतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर मात्र काहीही न शोधता ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करा.

ॲडमिट झाल्यास कंपनीला लगेच कळवा. बहुतेक पॉलिसींत इमर्जन्सीनंतर ४८ तासांच्या आत कळवण्याची अट असते आणि ती चुकली तर क्लेमची रक्कम निम्म्यापर्यंत कापली जाऊ शकते.

बिल आल्यावर घाईने क्रेडिट कार्डावर भरू नका. आधी बाबवार बिल मागा, क्लेम फॉर्म मुदतीत पाठवा आणि नकार आला तर कारण लेखी घेऊन अपील करा. तरीही मोठी रक्कम अंगावर आली, तर हॉस्पिटल ना-नफा आहे का ते पाहा. अशा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पाहुण्यांना ते लागू होतं का, हे बिलिंग विभागाला विचारा आणि पैसे भरण्याआधीच अर्ज द्या.