जुन्या सुऱ्याला नवी मूठ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागातल्या जुन्या घरांत फणस फोडण्याचा किंवा केळीचा घड उतरवण्याचा एखादा जाड सुरा अजूनही माळ्यावर सापडतो. मूठ कुजलेली आणि पाते तांबेरलेले असले, तरी तो भंगारात घालण्यापूर्वी नीट पाहावा. गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यापासून घडवलेले पाते असेल, तर त्यातले पोलाद आज बाजारात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या सुरीपेक्षा बहुधा सरस असते आणि त्याला केवळ चांगल्या मुठीची गरज असते.

पाते दोरीला टांगून हलकेच ठोकावे. आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर कुठेतरी चीर असण्याची शक्यता असते. विशेषतः पाते जिथे मुठीत शिरते, तो भाग उजेडात धरून तपासावा. तिथे आडवी चीर दिसल्यास तो सुरा दुरुस्त करू नये, कारण जोर लावताना तो नेमका तिथेच तुटतो.

जुनी मूठ काढताना पाते गॅसवर किंवा चुलीत धरण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. पोलाद तापून निळसर झाले, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की धारेचा कडकपणा कमी होतो आणि तो घरच्या घरी परत आणता येत नाही. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, लाखेने बसवलेली असल्यास मूठ उकळत्या पाण्यात काही वेळ धरल्याने लाख मऊ पडते आणि पाते सरळ ओढून निघते. दोन फळ्यांची मूठ रिबिटांनी जोडलेली असेल, तर रिबिटाचे डोके कानशीने घासून सपाट करावे आणि बोथट खिळ्याने ते मागून ठोकून काढावे.

तांबेरा काढण्यासाठी पाते रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवून तारेच्या ब्रशने घासावे आणि नंतर १२०, २२० व ४०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवावा. लाल तांबेरा पूर्ण जायला हवा, पण वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली काळसर झाक राहू द्यावी, कारण ती गंजापासून थोडेफार संरक्षण करते. पात्यावर लोहाराचा ठसा असेल तर त्याच्या आसपास हात अगदी हलका ठेवावा. ग्राइंडरवर आरशासारखे चकाकवलेले जुने पाते पाहिले की मला वाईट वाटते, कारण त्यात घडवणाऱ्याच्या हातोड्याच्या सगळ्या खुणा पुसून जातात.

मुठीसाठी शिसवी, बाभूळ किंवा जुने सागवान उत्तम. त्यासाठी रानातले झाड तोडण्याची गरज नाही, सुताराकडचे तुकडे किंवा पाडलेल्या घराच्या चौकटीचे लाकूड अधिक चांगले, कारण ते पूर्ण वाळलेले असते. लाकडाच्या कोरडेपणावर सगळे काम अवलंबून आहे. ओल्या लाकडाची मूठ बसवली, तर उन्हाळ्यात ती आक्रसते, फटी पडतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या फटींतून पाणी शिरून शेपटी आतून गंजते, जी बाहेरून दिसतही नाही. म्हणून हे काम मार्च ते मे या महिन्यांत करणे शहाणपणाचे.

फळ्यांच्या मुठीत एका फळीला पात्याच्या जुन्या भोकांवरूनच भोके पाडावीत, त्यांत सळी घालून ती जागेवर धरावी आणि मग दुसऱ्या फळीलाही त्याच भोकांतून भोके पाडावीत, म्हणजे भोके सरळ रेषेत येतात. ४ किंवा ५ मिलिमीटरची पितळी सळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फळ्यांची पात्याकडची टोके चिकटवण्याआधीच घासून गुळगुळीत करून घ्यावीत, कारण नंतर तिथे कानस फिरवली की पात्यावर ओरखडे उठतात. शेपटी ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून थिनरने पुसावी, अराल्डाइटचे दोन्ही भाग सारख्या प्रमाणात मिसळून लावावेत आणि क्लॅम्प बेताने आवळावा, कारण फार आवळल्यास सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. सळी दोन्ही बाजूंना सुमारे २ मिलिमीटर बाहेर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हलक्या ठोक्यांनी पसरवावी, जोराच्या ठोक्याने लाकूड चिरते. चोवीस तास काहीही करू नये.

आता धारेवर जाड कापड गुंडाळून ते चिकटपट्टीने बांधावे आणि मग सुताराच्या जाड दात्यांच्या कानशीने मुठीला आकार द्यावा. मूठ गोल न ठेवता अंडाकृती ठेवावी, म्हणजे न पाहताही धार कोणत्या बाजूला आहे ते हाताला कळते. लांबी तळव्याच्या रुंदीपेक्षा एक बोटभर जास्त असावी. शिसवीची भुकटी श्वासाला आणि कातडीला बाधते, त्यामुळे तोंडावर मास्क हवाच. शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. ते मोकळ्या जागी पसरून वाळवावेत.

धार मात्र सर्वांत शेवटी लावावी. दगड ओला करून पाते साधारण २० अंशांच्या कोनात दोन्ही बाजूंनी सारखे घासावे आणि कोन शेवटपर्यंत बदलू देऊ नये. पलीकडच्या कडेला बोटाच्या टोकाला बारीक खरखर जाणवली की बाजू बदलावी आणि अखेरीस ती खरखर चामड्याच्या पट्ट्यावर काढून टाकावी. पावसाळ्यात सुरा चामड्याच्या म्यानात ठेवू नये. फणस कापण्यापूर्वी पात्याला आणि हातांना खोबरेल लावल्यास चीक चिकटत नाही, आणि काम झाल्यावर पाते पुसून पुन्हा त्याच तेलाचा पातळ हात दिला की ते कोरड्या जागी टांगून ठेवता येते.