सोलापुरातील जुन्या घराची दुरुस्ती : या चुका टाळा

घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की बोलणे फरशीचा रंग, मॉड्युलर किचन आणि पीओपी यांच्याभोवती फिरत राहते. सोलापुरात काम बिघडते ते बहुधा जुनी भिंत न तपासता किंवा पाण्याचा हिशेब न करता भर उन्हाळ्यात काम काढल्यामुळे.

कसबा, शुक्रवार पेठ यांसारख्या जुन्या वस्तीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर) उतरवून त्याच भिंतींवर सरळ स्लॅब टाकणे. दोन फूट रुंदीची दगडी भिंत भक्कमच असणार असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिला पुष्कळदा दगडांचे दोन पदर असतात, मधल्या भागात माती आणि चिपा भरलेल्या असतात, आणि दोन्ही पदर जखडून ठेवणारे आरपार दगड घातलेलेच नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिव भागात अशा भिंतींची आणि जड माळवदांची असंख्य घरे कोसळली. स्लॅब माळवदापेक्षा हलका असतो, हा मिस्त्रींचा युक्तिवाद खोटा नाही : फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, पाच इंची स्लॅबचे तीनशेच्या थोडे वर. परंतु माळवदाचा बराच भार लाकडी खांब पेलत असतात आणि दुरुस्तीत तेच आधी काढले जातात. शिवाय उन्हाने तापलेला स्लॅब प्रसरण पावून भिंतीचा माथा बाहेर ढकलतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवून, स्लॅबसाठी स्वतंत्र पाया घेतलेले आरसीसी कॉलम उभे करावेत. महापालिकेची परवानगीही तोडफोडीपूर्वी घ्यावी.

जुन्या घराला लागून स्वच्छतागृह किंवा खोली वाढवताना पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाचे बांधकाम तिच्याबरोबर हलते. जुन्या-नव्या भिंतींच्या सांध्यावर पडलेली भेग दरवर्षी सिमेंटने बुजवण्यात अर्थ नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. भेग खुणेपुढे सरकत असेल किंवा रुंदावत असेल तर दोष पायात आहे, गिलाव्यात नाही. ती स्थिर असेल तर मोकळी करून लवचीक सीलंट भरावे.

क्युरिंगच्या, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्याच्या बाबतीत आपल्याकडे सर्वाधिक हयगय होते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि कामे नेमकी सुट्टीत, म्हणजे याच दिवसांत निघतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या (ओपीसी) सिमेंटच्या काँक्रीटलाही किमान सात दिवस पाणी लागते. उष्ण, कोरड्या हवेत ही मुदत दहा दिवसांची होते, आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेल्या पीपीसी सिमेंटसाठी ती चौदापर्यंत वाढवावी लागते. सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवणे म्हणजे क्युरिंग नव्हे, कारण दुपारी तासाभरात पृष्ठभाग कोरडा पडतो. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवावे, कॉलमला बारदान गुंडाळून ते सतत ओले ठेवावे, आणि गिलावा शक्यतो सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावा. काम सुरू करण्यापूर्वी पाणी साठवायला टाकी उपलब्ध आहे ना, हे पाहावे. बोअरचे पाणी खारट असेल तर ते काँक्रीटमध्ये घालू नये. त्यातील क्षारांमुळे सळई गंजते आणि भिंतीला लोणा लागतो. थंडीत काम काढले तर यातली निम्मी डोकेदुखी वाचते, पण जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

विट्रिफाईड टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तिच्या पाठीवर नुसते सिमेंट लावून भिंतीला चिकटवलेली टाईल पुढे सुटते. त्यासाठी टाईल अ‍ॅडहेसिव्ह वापरावे आणि बसवल्यावर नाण्याने टाईलभर ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर बिल देण्यापूर्वी ती बदलून घ्यावी. न्हाणीघरात फरशीआधी वॉटरप्रूफिंगवर किमान ४८ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का ते तपासावे. एसीसाठी वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (वीजप्रवाह आपोआप तोडणारा स्विच) गिलाव्यापूर्वीच ठरवावा, नाहीतर नवी भिंत पुन्हा खाचावी लागते.

माळवद गेल्यावर खालची खोली तापते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर गच्चीला विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरे चायना मोझॅक (फुटक्या टाईलच्या तुकड्यांचा थर) हा जुना उपाय अजूनही चांगला ठरतो, मात्र पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार द्यायला हवा. गच्चीच्या कामाची काही रक्कम राखून ठेवण्याची अट आधीच लेखी घालावी. रक्कम राखण्याची ही मुदत जूनपर्यंत ठेवणे चुकीचे आहे. सोलापुरात जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये पडतो, त्यामुळे ती ऑक्टोबरपर्यंत असावी.