कॅनडात गाऱ्हाणं नेमकं कुणाकडे न्यायचं?

टोरांटोशेजारच्या आमच्या मिसिसागात चार मराठी माणसं भेटली की विषय ठरलेले: भाडं परवडत नाही, फॅमिली डॉक्टर मिळत नाही, भाच्याचं वर्क परमिट अडलंय. तासभर बोलणं होतं आणि पत्र एकही जात नाही. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण पत्र लिहिणं अवघड नाही.

आधी दार ओळखा. इमिग्रेशन ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे. दवाखाने, शाळा आणि भाडेकरूंचे कायदे प्रांताकडे. कुठल्या प्लॉटवर किती घरं बांधता येतील, हे ठरवतं शहर. घरांच्या बाबतीत मात्र तिघांचे हात गुंतलेले असतात. २०२३ मध्ये एका प्लॉटवर चार घरं बांधू देण्याचा प्रस्ताव आमच्या शहराच्या काउन्सिलमध्ये समसमान मतं पडून बारगळला. ओटावाचा घरबांधणी निधी मिळायचा तर असेच बदल हवे होते, म्हणून तेव्हाच्या महापौर बॉनी क्रॉम्बी यांनी विशेष अधिकार वापरून तो पुढे रेटला. तेव्हा घरांसाठी खासदार आणि काउन्सिलर (नगरसेवक) दोघांनाही लिहा. डॉक्टरसाठी लिहायचं प्रांताच्या आमदाराला, म्हणजे ऑंटारिओत एमपीपीला.

भाडेवाढीची नोटीस आली असेल तर घर पहिल्यांदा राहतं कधी झालं ते बघा. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर वापरात आलेल्या घरांना ऑंटारिओची भाडेवाढीची मर्यादा लागूच नाही. त्याआधीच्या बहुतेक घरांना आहे; २०२६ साठी ती २.१ टक्के. मालक-भाडेकरूंचे वाद सोडवतं ते लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड; जुन्या घरात मालक त्याच्या परवानगीशिवाय त्याहून जास्त मागत असेल तर या बोर्डाकडे जा. नव्या घरात राहत असाल तर वाढ किती असावी याबाबत बोर्ड काही करू शकत नाही. तिथे कायदाच बदलावा लागेल, आणि ते एमपीपीला सांगायचं.

पत्र एका पानाचं, एकाच विषयाचं. वरच पत्ता आणि पोस्टल कोड घाला, म्हणजे तुम्ही त्यांच्याच मतदारसंघातले आहात हे कळतं. मग काय घडलं ते दोन-तीन वाक्यांत: "माझी आई ७६ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे, आणि फॅमिली डॉक्टर नसल्यामुळे प्रत्येक वेळी वॉक-इन क्लिनिकमध्ये नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं." शेवटी मागणी. "आरोग्यसेवा सुधारा" याला कुणीही गोड उत्तर देऊन मोकळं होतं. त्यापेक्षा विचारा: "आमच्या भागात नर्स प्रॅक्टिशनर क्लिनिक व्हावं म्हणून तुम्ही आरोग्यमंत्र्यांना लिहाल का? त्याची प्रत मला मिळेल का?" (नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स.) खासदाराला हाउस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर पत्र पाठवायला टपाल तिकीट लागत नाही.

पीआर (कायमचा रहिवास, पण नागरिकत्व नाही) असलेले बरेच जण गप्प बसतात. मतदानाला नागरिकत्व हवं, पण लिहायला नको. हाउस ऑफ कॉमन्सच्या ई-याचिकेवरही कॅनडात राहणारा कुणीही सही करू शकतो. ती सुरू करायला पाच पाठीराखे आणि एक खासदार लागतो. ५०० वैध सह्या झाल्या की ती सभागृहात मांडता येते आणि मग सरकारला ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तीन आठवड्यांत पत्राचं उत्तर आलं नाही तर मतदारसंघातल्या कार्यालयात फोन करा, पत्राची तारीख सांगा, बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. पुढचा फोन त्याच माणसाला करा.