रुमॅटॉइड संधिवात आहे? खोकला अंगावर काढू नका, या चुका टाळा

रुमॅटॉइड संधिवात फक्त बोटं आणि गुडघे धरतो, या समजुतीने फार नुकसान होतं. सांध्यांच्या अस्तरावर उलटलेली प्रतिकारशक्ती काहींच्या फुप्फुसांतही सूज आणते. ती टिकली की तिथे व्रण धरतात आणि फुप्फुस कडक होत जातं. यालाच डॉक्टर आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) म्हणतात. धरलेले व्रण सहसा पुसले जात नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे “मला कुठे दम लागतो?” असं म्हणत राहणं. गुडघे दुखतात म्हणून जिना सुटला, बाजारहाट मुलाकडे गेली, मग दम लागणार कधी? बसल्या जागी ऑक्सिमीटर ९७ दाखवतो आणि घरचे निश्चिंत होतात. तोच बोटाला लावून जमेल तसं पाच-सहा मिनिटं चाला. आकडा चार-पाचने उतरला तर डॉक्टरांना सांगा. बोटं गार असली किंवा नखांना गडद रंग असला तर मात्र आकडा फसवतो.

रक्ताचे रिपोर्ट बघून भेट संपत असेल, तर “छातीही तपासा” असं स्वतःहून म्हणा. आयएलडीत डॉक्टरांना स्टेथोस्कोपने पाठीवर, फुप्फुसांच्या खालच्या भागात खोल श्वासाबरोबर वेल्क्रो उघडल्यासारखी चरचर अनेकदा ऐकू येते. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून थांबू नका, सुरुवातीचा आजार त्यात अनेकदा दिसत नाही. त्यासाठी एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओसह (फुप्फुसांतून वायू रक्तात किती जातो याचं माप) श्वासाची तपासणी लागते. पुरुष, उतारवय, विडी-सिगारेट, रक्तातली अँटी-सीसीपी (या संधिवाताची अँटीबॉडी) खूप जास्त, अशांनी तर हे टाळूच नये. आणि विडी आजच सोडावी.

मेथोट्रेक्झेट या संधिवाताच्या नेहमीच्या औषधाबाबत दोन उलट्या चुका होतात. कुणी ऐकीव भीतीने गोळी परस्पर बंद करतं आणि सांधे पुन्हा भडकतात. कुणी नवा कोरडा खोकला, ताप, धाप असतानाही आठवड्याची गोळी घेतच राहतं. या औषधाची फुप्फुसांवरची रिअॅक्शन क्वचित येते, पण आली तर बहुधा पहिल्या वर्षात. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

छातीत पाणी झालं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो. संधिवातानेही पाणी होतं, म्हणून ते काढून तपासायलाच हवं. उलट, बायोलॉजिक इंजेक्शनांआधीची (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारी औषधं) टीबीची तपासणी चुकवू नका, कारण त्यातली टीएनएफ (सूज वाढवणारं एक प्रथिन) रोखणारी औषधं दबलेला टीबी जागा करू शकतात.