साच्याला चिकटणारी सिमेंटची कुंडी

तुळशीसाठी मी प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात लहान डबा बसवून सिमेंटच्या कुंड्या ओतल्या, तेव्हा पहिल्या दोन्ही कुंड्यांचे काठ साच्याला चिकटून तुटले. साच्याला तेलाचा हात लावलेला नव्हता आणि मालात पाणीही फार झाले होते. तिसऱ्या वेळी १ भाग सिमेंट आणि ३ भाग चाळलेली वाळू, मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल इतक्याच पाण्यात कालवली, दोन्ही डब्यांना तेलाचा पातळ थर दिला आणि माल भरताना साचा बाहेरून हलकेच ठोकत राहिलो, त्यामुळे आतल्या पोकळ्या भरून निघाल्या. २४ तासांनी आतला डबा किंचित पिळताच अलगद सुटला. काठ अखंड होता. डब्यावरची बारीक रेघसुद्धा त्यावर उमटली होती. पुढे ७ दिवस कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली, कारण सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग होऊन कठीण होते.