वरण पातळ, पोळ्या पाच: शाकाहारी ताटातल्या या चुका टाळा

नाशिकमध्ये राहून शाकाहार जमत नाही, असं म्हणायला जागाच नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मेथी, शेपू, चवळीच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची नागली (नाचणी), वरई, खुरासणी (कारळे) शहरात मिळते. मटकी तर मिसळीच्या कृपेने गल्लोगल्ली आहे. माळकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार नाही, आणि आता कॉलेज रोड, गंगापूर रोडकडची तरुण मुलं दूध-दहीही सोडून पूर्ण वनस्पती-आधारित आहाराकडे वळताहेत. मला हे मनापासून आवडतं. पण याच घरांतून तक्रारीही ऐकू येतात: नाश्ता करूनही अकराला पोटात कावळे ओरडतात, जिना चढताना दम लागतो, केस मुठीने गळतात, रात्री पायाला मुंग्या येतात. यात दोष भाजीपाल्याचा नाही. ताटात कशाला किती जागा दिली, तिथे चुकतंय. शरीराला लागणारं जवळजवळ सगळं आपल्या जिल्ह्यातच पिकतं. बाहेरून घ्यावी लागणारी गोष्ट खरं तर एकच, आणि नेमकी तीच घ्यायची राहून जाते.

वाटीत डाळ किती आणि पाणी किती?

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून आधी हीच. “आम्ही रोज वरण खातो” हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. पण चौघांच्या वरणाला कुकरमध्ये अर्धी वाटी तूरडाळ लावली आणि ती पळीवाढी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीसेक ग्रॅम कोरडी डाळ येते. त्यातून मिळतात चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. सकाळी पोहे, दोन वेळच्या मिळून पाच पोळ्या, भात, भाजी आणि दोन वाट्या पातळ वरण असा दिवस मांडून बघा, बेरीज तीस-पस्तीसवर अडते. पोट भरतं ते पिठाने, म्हणून भूकही लवकर लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांस-अंडी खाणाऱ्यांच्या बाबतीत तीही यातच धरली आहेत), भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं माप दिलं आहे.

रोज काटा घेऊन कोण बसणार? त्यापेक्षा महिन्याच्या किराणा मालाची यादी काढा. घरात चार मोठी माणसं असतील तर तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी, कुळीथ, बेसन सगळं मिळून महिन्याला दहा किलोच्या आसपास लागायला हवं. तेल आणि तूप मिळून साडेतीन लिटर. बहुतेक याद्यांत मला हे उलटं दिसतं: डाळी तीन-चार किलोंत आटोपतात आणि तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्याअखेर रिकामा होतो. ही यादी म्हणजे घराच्या आहाराचा रक्ततपासणी अहवालच समजा.

दुरुस्ती सोपी आहे. वरण घट्ट करा. एका वेळेला वरण असेल तर दुसऱ्या वेळेला उसळ किंवा पिठलं ठेवा, भाजीत दाण्याचं कूट किंवा मूगडाळ घाला. पोह्यांत मोडाची मटकी घातली की अकराची भूक मागे सरते. धान्य आणि डाळ दोन्ही लागतात, कारण प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी डाळीत जे कमी ते धान्यात असतं आणि धान्यात जे कमी ते डाळीत. वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी या जोड्या शास्त्राला धरूनच आहेत. फक्त त्यातली डाळीची बाजू जड करायची आहे.

मिसळ सोडू नका, तिची मांडणी बदला

आहार सुधारायचा म्हटलं की लोक आधी मिसळ बंद करतात. मला हे पटत नाही. मटकीची उसळ हा नाशिकच्या ताटातला सर्वांत चांगला पदार्थ आहे. बिघाड होतो तो मूठभर फरसाण, वर तरंगणारी तर्री आणि दोन-तीन पावांमुळे. मटकी दुप्पट, फरसाण चिमूटभर, पाव एक, वर कच्चा कांदा आणि भरपूर लिंबू असं करून बघा.

मोड आणण्यातही आळस होतो. मटकी आठ-दहा तास भिजवून, पाणी टाकून, स्वच्छ ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवली की उन्हाळ्यात रात्रीत मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा शहरातही पुरचुंडी ओट्यावर ठेवून काही होत नाही. दाणे तसेच राहतात, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि लोक दुकानदाराला दोष देतात. थंडीत मटकी कोमट पाण्यात भिजवा, पुरचुंडी पातेल्यात ठेवून झाकण लावा आणि पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. मधे एकदा फडक्यावर कोमट पाणी शिंपडा. दीड दिवसात पांढरे कोंब दिसतील. या खटाटोपाचं कारण चव एवढंच नाही. कडधान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त बांधून ठेवतं, भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते कमी होतं.

जेवणावर चहा

मिसळीनंतर लगेच कटिंग, जेवण झाल्यावर अर्धा कप, ही सवय मोडा. भाज्या-कडधान्यांतलं लोह आधीच शरीरात कमी शोषलं जातं, त्यात चहातले टॅनिन त्याला आणखी अडवतात. कॉफीचंही तेच. चहा जेवणाआधी किंवा नंतर तासाभराच्या अंतराने घ्या. बायकांना तर हे कळकळीने सांगावंसं वाटतं. त्यांची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे, पुरुषांची १९. आणि घट्ट वरण आधी बाकीच्यांना वाढून तळाचं पाणी स्वतः घेणारीही घरातली बाईच असते.

लोहाला साथ हवी सी जीवनसत्त्वाची. आपण द्राक्षाच्या गावचे, पण द्राक्षांत ते अगदी थोडं असतं. पेरूत मात्र शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. जेवताना लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो किंवा आवळ्याची चटणी हवीच.

उपवासाचं ताट

श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी धरून महिन्यातले बरेच दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात जे काही पोषण येतं ते दाण्याच्या कुटाने. त्यापेक्षा वरईची भगर आणि दाट दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, सोबत एखादं फळ घ्या. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांनी तर साबुदाणावड्यावर दिवस काढू नये.

दूध सोडलं, त्याच्या जागी काय घेतलं?

इथे नवशिके हमखास अडखळतात. दुधाऐवजी बदामाचं किंवा ओटचं दूध आणलं की काम झालं असं वाटतं. या दुधांत प्रथिनं फार थोडी असतात, आणि वरून घातलेलं नसेल तर कॅल्शियमही नसतं. सोया दूध त्यातल्या त्यात प्रथिनांत गायीच्या दुधाच्या जवळ जातं. पुडक्यावर कॅल्शियम घातल्याचं लिहिलं आहे का, ते वाचून घ्या.

प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. बाजारात दूरदेशीचे महागडे दाणे शोधणाऱ्यांनी आधी पेठ रोडकडची नागली घरात आणावी. भाकरी थापताना फुटते ही नेहमीची तक्रार. पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करून पीठ घाला, झाकून दहा मिनिटं ठेवा, मग गरम असतानाच मळा. भाकरी फुटणार नाही. सोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी. पालकाच्या कॅल्शियमवर मात्र विसंबू नका, त्यातलं ऑक्सॅलेट ते शोषू देत नाही.

ओमेगा-३ साठी जवस घ्या, खुरासणी त्यासाठी उपयोगी नाही. जवस भाजून कुटूनच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. आणि रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरत असाल तर आयोडीनसाठी पुन्हा आयोडीनयुक्त मिठाकडे या.

बी-१२ ताटात शोधू नका

बाहेरून घ्यावी लागणारी गोष्ट ती हीच. बी-१२ हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत प्राणिजन्य अन्नातून येतं. कुठल्याही पालेभाजीत, कडधान्यात, मोडात ते भरवशाचं मिळत नाही. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळातलं बहुतांशी आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. दूध-दही घेणाऱ्यांना थोडं मिळतं, पण दिवसाला चहापुरतं दूध पोटात जात असेल तर ते पुरेल असं धरू नका. दूधही सोडलं असेल तर गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यायलाच हवेत.

यात एक धोका असा की भरपूर पालेभाज्या खाणाऱ्याला फोलेट (हेही बी गटातलंच जीवनसत्त्व) मुबलक मिळतं, त्यामुळे रक्तातली लक्षणं झाकली जातात आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल होणं, विसराळूपणा यांतलं काही असेल तर “अशक्तपणा आहे, खजूर खा” म्हणून सोडू नका, रक्त तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर लक्षणांची वाटच बघू नये. गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

डाळ वाढवली आणि पोट फुगलं तर

हे होणारच, आणि बरेच जण इथेच माघार घेतात. एकदम दुप्पट करू नका. पहिला आठवडा मूगडाळ आणि मसूर, मग मोडाची मटकी, राजमा-छोले सर्वांत शेवटी. भिजवलेलं पाणी टाकून द्या, कडधान्य बोटाने दाबलं की सहज चुरडेल इतकं शिजवा, फोडणीत हिंग आणि ओवा घाला, दिवसभर पाणी नीट प्या. तीन-चार आठवड्यांत पोट सरावतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र वाटी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, त्यांचं प्रथिनांचं माप वेगळं असतं.